एक तारीख, की ज्याची त्याची तारीख?

मध्यंतरी ऑफिसात एका मीटिंगमध्ये दोन तास भांडण झालं. विषय काय, तर होस्टिंगच्या ग्राहकाला बिल कुठल्या तारखेला पाठवायचं. बस, एवढंच. मी बिलिंगचा कोड लिहिणारा, त्यामुळे कोपऱ्यात लॅपटॉप उघडून बसलो होतो आणि मनातल्या मनात म्हणत होतो, काहीही ठरवा बाबांनो, मला काय, एक कॉलम इकडचा तिकडे करायचाय.

अकाउंट्सच्या मॅडमचं म्हणणं, सगळ्यांचं बिल एक तारखेला. ग्राहक २० जूनला आला आणि प्लॅन महिना ३०० रुपयांचा असला, तर २० ते ३० अशा ११ दिवसांचे ११० रुपये आत्ता घ्या आणि १ जुलैपासून पूर्ण महिना सुरू करा. याला म्हणायचं प्रोरेटा. सपोर्टच्या मित्राचं म्हणणं, हे ११० रुपये कुठून आले ते समजावण्यात माझा दिवस जातो. २० तारखेला आला ना? मग २० जून ते १९ जुलै पूर्ण ३०० घ्या, पुढचं बिल २० जुलैला. ज्याची त्याची तारीख. याला ॲनिव्हर्सरी बिलिंग म्हणतात. लग्नाचा वाढदिवस तसा होस्टिंगचा वाढदिवस, फक्त दर महिन्याला येणारा :)

शेवटी सपोर्टवाला जिंकला. मी अर्ध्या दिवसात कोड लिहिला. आणि अडीच-तीन महिन्यांनी एका ग्राहकाचा मेल आला. छोटा दुकानदार, त्याची एकच साइट. त्याने लिहिलं होतं, "मी ३१ जानेवारीला पैसे भरले. फेब्रुवारीत ३१ नाही, म्हणून २८ ला बिल आलं, ठीक. पण मार्चमध्ये ३१ तारीख असते ना? मग बिल २८ ला का?"

उघडून बघितलं तर माणूस बरोबर होता. माझा कोड मागच्या बिलाच्या तारखेत एक महिना मिळवत होता. ३१ जानेवारीचं झालं २८ फेब्रुवारी, २८ फेब्रुवारीचं २८ मार्च, आणि मग कायमचं २८. वर्षभर असंच चाललं असतं तर त्याने १२ महिन्यांचे पैसे भरून ३६२ दिवस वापरले असते. तीन दिवस म्हणजे तीसेक रुपये. पण मेलच्या शेवटी एक ओळ होती, "रकमेचं काही नाही, पण हे तुम्ही कुणाला विचारून ठरवलंत?"

खरं सांगायचं तर कुणालाच विचारलं नव्हतं. मला तर आपण काही ठरवलंय हेसुद्धा माहीत नव्हतं.

त्या ओळीने डोक्यात किडा सोडला. हे उरलेले दिवस कुणाचे, हा प्रश्न काही होस्टिंगबरोबर जन्माला आलेला नसणार. माणसं भाडं, व्याज, पगार हजारो वर्षं घेतायत. त्यांनी काय केलं? गेले काही शनिवार-रविवार त्यातच गेले. जे सापडलं ते सांगतो.

सुरुवात रोमपासून. रोमन लोकांत महिन्याच्या पहिल्या दिवसाला कॅलेंडी म्हणत. त्या दिवशी कर्जाचं व्याज द्यायची पद्धत होती. सावकार ज्या वहीत हे कर्ज-व्याज मांडून ठेवी तिचं नाव कॅलेंडारियम. आपला 'कॅलेंडर' हा शब्द तिथून आलाय. म्हणजे कॅलेंडर ही मुळात सावकाराची खतावणी! होरेसच्या एका कवितेत एक सावकार आहे, तो मध्य-महिन्याला सगळी वसुली करतो आणि पुढच्या एक तारखेला तो पैसा पुन्हा व्याजाने लावायला बघतो. तेव्हा अकाउंट्सच्या मॅडमची बाजू दोन हजार वर्षं जुनी आहे. वसूल करणाऱ्याला एकच तारीख बरी पडते. एकदा वही उघडायची, सगळ्यांकडे जाऊन यायचं, वही मिटायची.

हे वाचताना मला घरचं स्वयंपाकघर आठवलं. आमच्याकडे भिंतीवर कालनिर्णय असतं आणि आई त्यावर दुधाचे खाडे मांडते. ज्या दिवशी दूध आलं नाही त्या चौकटीत फुली, जास्त घेतलं तर वर आकडा. महिनाअखेरीला फुल्या मोजायच्या, तेवढे पैसे वजा. हे प्रोरेटाच झालं की. लॅटिनमध्ये 'प्रो राटा' म्हणजे ठरलेल्या हिश्श्याप्रमाणे. आईला लॅटिन येत नाही, पण खाड्यांत ती एका दिवसाचीही चूक करत नाही. आणि रोमन सावकारासारखीच तिचीही हिशेबाची वही म्हणजे कॅलेंडर!

आता आपल्याला वाटतं की महिन्याचे तीस तुकडे करून दिवसाचा भाव काढणं ही अगदी नैसर्गिक गोष्ट आहे. दूधवाल्यालासुद्धा कळते. पण इंग्लंडच्या कायद्याला ती कळायला काही शतकं लागली. ही गोष्ट मला सगळ्यात भारी वाटली.

इंग्लंडमध्ये जमिनीचं, घराचं भाडं वर्षातून चार ठरलेल्या दिवशी द्यायचं. २५ मार्च (लेडी डे), २४ जून (मिडसमर), २९ सप्टेंबर (मायकेलमस) आणि २५ डिसेंबर (नाताळ). सगळे चर्चचे सण, म्हणजे कुणी विसरणार नाही. मायकेलमस पीक हाती आल्यावर येतो, म्हणजे कुळाकडे पैसा असतो. आपल्याकडेही जुन्या मराठी कागदांत जो शुहूर सन दिसतो तो मृग नक्षत्र लागलं की बदलतो, जूनच्या सुरुवातीला. शेतीचं वर्ष आणि हिशेबाचं वर्ष बरोबर चाललं तरच वसुलीला अर्थ.

पण या चार तारखा जरा मोजून बघा. मार्च ते जून ९१ दिवस, जून ते सप्टेंबर ९७, सप्टेंबर ते डिसेंबर ८७, आणि डिसेंबर ते मार्च ९० (लीप वर्षी ९१). ८७ दिवसांचंही भाडं तेवढंच आणि ९७ दिवसांचंही तेवढंच! कुणी तक्रार करत नसे, कारण भाडं 'दिवसाचं' नव्हतंच. भाडं 'तिमाहीचं' होतं, आणि तिमाही ही एक अखंड वस्तू होती. नारळासारखी. अर्धा नारळ वाढवता येत नाही.

याचा परिणाम काय व्हायचा ते ऐका. समजा एका माणसाला जमिनीवर फक्त त्याच्या हयातीपुरता हक्क आहे. त्याने ती कुणाला तरी भाड्याने दिली. भाडं २९ सप्टेंबरला देय. आणि हा माणूस २८ ला वारला. आता ९६ दिवसांचं भाडं कुणाला मिळणार? त्याच्या वारसांना नाही, कारण तो जिवंत असताना भाडं देयच झालं नव्हतं. ज्याच्याकडे जमीन पुढे जाणार त्यालाही नाही, कारण त्याचा हक्क आत्ता सुरू झाला आणि जुना भाडेकरार मालकाबरोबरच संपला. म्हणजे कुणालाच नाही! भाडेकरू तिमाहीभर फुकट राहिला. १६१३ च्या क्लन खटल्यात हेच तत्त्व मांडलं गेलं, की काळाच्या हिशेबाने भाड्याचे तुकडे पडत नाहीत. कोडच्या भाषेत सांगायचं तर इंटिजर होता, फ्लोट नव्हता.

हे बदलायला सुरुवात झाली १७३७ च्या एका कायद्याने. असा हयातीपुरता मालक वारला तर मेलेल्या दिवसापर्यंतचा हिस्सा त्याच्या मागच्यांना वसूल करता येईल, अशी सोय त्यात केली. मग १८३४ मध्ये आणखी एक कायदा, आणि शेवटी १८७० चा अपोर्शनमेंट ॲक्ट. त्यात सरळ म्हटलं की भाडं, वर्षासनं, लाभांश वगैरे ठरावीक काळाने मिळणारं उत्पन्न दिवसागणिक साचतं असं धरायचं आणि त्याचे त्याप्रमाणे हिस्से पाडायचे. म्हणजे दूधवाल्याला जे कळतं ते कायद्याच्या पुस्तकात स्पष्ट यायला क्लन खटल्यापासून अडीचशेहून जास्त वर्षं लागली.

आणि ही फक्त साहेबाची गोष्ट नाही बरं का. आपल्या १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं ३६ वं कलम हेच सांगतं. भाड्याने दिलेलं घर महिन्याच्या मध्यात विकलं, तर विकणारा आणि घेणारा यांच्यात त्या महिन्याचं भाडं रोजच्या रोज साचलं असं धरून वाटायचं, पण भाडेकरूने द्यायचं ते ठरलेल्या दिवशीच. वेगळं काही ठरलेलं नसेल किंवा तिथली रूढी वेगळी नसेल तर. हे वाचून मी खुर्चीत उठून बसलो. कारण आमच्या दोन तासांच्या मीटिंगमध्ये कुणालाच न सुचलेली गोष्ट त्या एका कलमात आहे : पैसे 'साचतात' कधी आणि 'भरायचे' कधी, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. आम्ही ते एकच समजून भांडत होतो.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. उरलेले दिवस कुणाचे? हा प्रश्न इतिहासात दोनदा अगदी राक्षसी आकारात आला, कारण कॅलेंडरमधून दिवसच गायब केले गेले.

पहिल्यांदा १५८२ मध्ये. जुनं ज्युलियन कॅलेंडर सूर्याच्या मागे पडलं होतं, म्हणून पोप तेराव्या ग्रेगरीने फर्मान काढलं की ४ ऑक्टोबर, गुरुवारनंतर थेट १५ ऑक्टोबर, शुक्रवार. मधले १० दिवस नाहीतच. आता विचार करा, ज्याला महिन्याचं भाडं द्यायचंय त्याने २१ दिवस राहून ३१ दिवसांचे पैसे द्यायचे? हा प्रश्न त्या फर्मानातच सोडवून ठेवलाय! ईस्टरची गणितं, लीप वर्षांचे नियम यांच्या गर्दीत एक परिच्छेद आहे : वार्षिक किंवा मासिक देण्यांत कुणाचं नुकसान होऊ नये, वाद आला तर न्यायाधीशांनी देय तारखेत १० दिवस मिळवावेत. म्हणजे पोपनी प्रोरेटा केलं नाही, रक्कम तीच ठेवली. तारीख पुढे ढकलली.

दुसऱ्यांदा ब्रिटनमध्ये, १७५२ साली. ब्रिटन पोपचं ऐकायला तयार नव्हतं, म्हणून १७० वर्षं थांबलं आणि तोवर फरक ११ दिवसांचा झाला. २ सप्टेंबर, बुधवारनंतर १४ सप्टेंबर, गुरुवार. त्या वर्षी सप्टेंबर १९ दिवसांचा होता. (लिनक्सच्या जुन्या टर्मिनलवर त्या महिन्याचं कॅलेंडर काढून बघा, भोक दिसतं. कॉलेजात आम्हाला तो बग वाटला होता.)

शाळेत किंवा क्विझमध्ये आपण ऐकलेलं असतं की तेव्हा लोक "आमचे अकरा दिवस परत द्या" म्हणत रस्त्यावर उतरले, दंगली झाल्या. आता इतिहासकार म्हणतात की अशा दंगलींचा पुरावा नाही. ती घोषणा दिसते ती विल्यम होगार्थच्या १७५५ च्या सुमाराच्या एका चित्रात, निवडणुकीच्या मेजवानीच्या. तिथे एका फलकावर ती लिहिलीय. पुढच्या लोकांनी व्यंगचित्राची बातमी केली. फॉरवर्ड मेसेज तेव्हाही होते म्हणायचे.

पण दंगल का झाली नसावी, याचं निदान एक कारण मला त्या कायद्यातच दिसतं. पार्लमेंटने त्यात एक लांबलचक कलम घातलंय. भाडं, व्याज, वर्षासन, मालाची पोच, भाडेपट्ट्याची मुदत, उमेदवारी करणाऱ्या पोराची उमेदवारी संपण्याचा दिवस, एवढंच काय, माणूस २१ वर्षांचा होऊन सज्ञान होण्याचा दिवस, यातलं काहीही या बदलामुळे ११ दिवस आधी येणार नाही. जेवढे खरे दिवस जायचे तेवढे गेलेच पाहिजेत. म्हणजे २९ सप्टेंबरचं भाडं त्या वर्षी १० ऑक्टोबरला. ज्याची त्याची मुदत पूर्ण.

या कलमाचा एक तुकडा आजही जिवंत आहे. ब्रिटनचं करवर्ष ५ एप्रिलला संपतं आणि ६ एप्रिलला सुरू होतं. इतकी विचित्र तारीख का? जुना लेडी डे २५ मार्च. त्यात ११ दिवस मिळवा, ५ एप्रिल येतो. सरकारी हिशेबाने आपली पूर्ण मुदत सोडली नाही आणि मग ती तारीख तशीच चिकटून राहिली. माझ्या दुकानदाराची २८ तारीख चिकटली तशीच, फक्त तिथे आधी सांगून-सवरून.

आता ज्याची त्याची तारीख. ही पद्धतही काही नवी नाही, आणि आपल्या अंगवळणी पडलेली आहे. मुंबईत लोकलचा महिन्याचा पास ५ तारखेला काढला तर पुढच्या ४ पर्यंत चालतो. विम्याचा हप्ता पॉलिसी सुरू झाली त्या तारखेवरून ठरतो. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या ११० व्या कलमात तर 'ॲनिव्हर्सरी' हा शब्दच आहे : वर्षाचा भाडेपट्टा ज्या दिवसापासून मोजायचा, त्या दिवसाच्या वाढदिवसाचा अख्खा दिवस तो चालू राहतो.

विसाव्या शतकात अमेरिकेतल्या टेलिफोन-वीज कंपन्या आणि मोठमोठी दुकानं महिन्याच्या शेवटी सगळ्यांची बिलं एकदम काढण्याऐवजी ग्राहकांचे गट पाडून महिनाभर वेगवेगळ्या दिवशी बिलं काढू लागली. कारण ग्राहकप्रेम नव्हतं. चार दिवस कारकून मरमर मरायचे आणि उरलेले दिवस माश्या मारायचे. आपल्याकडेही सगळ्या शहराचं मीटर-रीडिंग एका दिवशी होत नाहीच. म्हणजे लक्षात घ्या, तारीख एक असो की अनेक, ती बहुतेक वेळा वसूल करणाऱ्याच्या सोयीने ठरते.

मग माझी ३१ तारीख? तिचाही निकाल लागलेला आहे, आणि तोही हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये, १९८१ साली. डॉड्स विरुद्ध वॉकर. घरमालकाने भाडेकरूला ३० सप्टेंबरला नोटीस दिली. नव्या भाडेपट्ट्यासाठी अर्ज करायला भाडेकरूला चार महिने होते. त्याने विचार केला, ३० सप्टेंबर म्हणजे महिनाअखेर, तेव्हा चार महिने म्हणजे ऑक्टोबर ते जानेवारी, शेवटचा दिवस ३१ जानेवारी. त्याने ३१ ला अर्ज दिला. कोर्ट म्हणालं, उशीर झाला. महिने मोजताना तारखेला तारीख जुळवायची. ३० ला सुरू झालं ते ३० ला संपलं. आणि शेवटच्या महिन्यात ती तारीखच नसेल, तर त्या महिन्याचा शेवटचा दिवस धरायचा. एका दिवसासाठी गेला बिचारा.

यातली बारीक गोष्ट बघा. जुळवायचं ते मूळ तारखेशी. मधल्या फेब्रुवारीशी नाही. ३१ जानेवारीपासून दोन महिने मोजले की ३१ मार्च येतो, वाटेत फेब्रुवारी किती दिवसांचा होता याला महत्त्व नाही. माझा कोड मूळ तारीख विसरत होता, प्रत्येक वेळी कालचीच तारीख खरी धरत होता. दुरुस्ती चार ओळींची होती. ग्राहकाची मूळ तारीख वेगळ्या कॉलममध्ये ठेवायची आणि दर वेळी तिथूनच मोजायचं.

ती दुरुस्ती केली. ज्यांच्या तारखा सरकल्या होत्या त्या सगळ्यांना गेलेले दिवस परत दिले. पोप ग्रेगरीच्या पद्धतीने, पैसे नाही, तारीख पुढे :) मग पुन्हा मीटिंग बोलावली, या वेळी मी. बराच वेळ गेला, पण ठरलं ते असं. नेहमीच्या ग्राहकाला त्याची स्वतःची तारीख. ज्याच्याकडे पाच-सहा सर्व्हर आहेत आणि ज्याला सगळ्यांचं मिळून एकच बिल हवंय, त्याला मागितल्यास एक तारीख आणि पहिल्या तुकड्याचं प्रोरेटा. आणि प्रत्येक बिलावर एक ओळ : किती तारखेपासून किती तारखेपर्यंत, किती दिवस, दिवसाला किती. शेवटच्या आकड्यावरही वाद झाला, कारण ३०० रुपयांच्या प्लॅनमध्ये दिवसाचा भाव ३१ च्या महिन्यात ९ रुपये ६८ पैसे पडतो आणि २८ च्या फेब्रुवारीत १० रुपये ७१ पैसे. कुठलाही भाजक घ्या, कुणीतरी बोलणारच. आम्ही त्या-त्या महिन्याचे दिवस घेतले आणि तसं छापलं.

या सगळ्या वाचनातून मला कुठली पद्धत श्रेष्ठ हे काही कळलं नाही. दोन्ही हजारो वर्षं चालतायत, दोन्ही चालतील. कळलं ते एवढंच, की दिवस काही समान वाटले जात नाहीत, वर्षाचे ३६५ कुणीही नीट १२ ने भागू शकलेलं नाही, म्हणून कुठेतरी दोन-तीन दिवस उरणारच. १५८२ मध्ये १० उरले, १७५२ मध्ये ११. ते कुणाचे हे त्या लोकांनी आधी लिहून ठेवलं. माझ्याकडे फक्त तीन उरले होते आणि ते कुणाचे हे मी न लिहिता, न सांगता, कोडमध्ये गुपचूप ठरवून टाकलं.

परवा घरी गेलो तेव्हा आईला विचारलं, दूधवाल्याशी खाड्यावरून कधी भांडण झालंय का गं? म्हणाली, "कशाला होईल? कॅलेंडर दारातून दिसतं त्याला."

त्या दुकानदाराला मी सविस्तर मेल लिहिला होता, चूक काय होती आणि आता काय केलंय ते. त्याचं उत्तर एका शब्दाचं आलं. "चालेल."

असो. पुढच्या वर्षीही तो आमच्याकडेच राहतो का ते बघू. त्याची तारीख ३१ जानेवारी. आता पाठ झालीय.